काळी गोटी म्हणजे हो

लेविन पेटीफर्डनं बिरादरी काढली ती रागानं. पुढं आयुष्यभर लोक भाषणांत म्हणत राहिले, की ती प्रेमातून निघाली, बंधुभावातून निघाली, देवाच्या इच्छेनं निघाली. म्हातारा पेटीफर्ड व्यासपीठावर बसून ऐकायचा, मान डोलवायचा आणि शेजारच्याच्या कानात पुटपुटायचा, "सगळं खोटं. मी पेटलो होतो म्हणून निघाली."

पेटण्यासारखं होतंच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ते विद्यापीठ सरकारी. म्हणजे त्याच्या बापानं इव्हान्सव्हिलात लोकांच्या दाढ्या करून जो कर भरला, त्याच्यावरही चालणारं. काळ्या पोराची फी घ्यायला ना नव्हती. वर्गात शेवटच्या बाकावर बसवायला ना नव्हती. पण वसतिगृहात खाट नाही, खानावळीत ताट नाही, पोहायच्या हौदात पाय बुडवायचा नाही. शिका म्हणायचे, फक्त इथं राहू नका, जेवू नका आणि भिजू नका. काळ्या पोरांना खोल्या मिळायच्या त्या रुळांपलीकडच्या वस्तीत, मिस हेस्टर बंडी नावाच्या विधवेच्या घरी. पेटीफर्ड तिथंच राहायचा.

पोटासाठी तो वाढप्याचं काम करायचा, एका गोऱ्या बिरादरीच्या घरात. तेव्हा कॉलेजात फ्रॅटर्निटी नावाच्या या बिरादऱ्यांचं मोठं पेव फुटलं होतं. दारावर तीन ग्रीक अक्षरं लटकवायची, खांबांचं मोठं घर घ्यायचं, हात मिळवायची गुप्त खूण ठरवायची आणि जेवण झालं की गळ्यात गळे घालून 'आपण सारे भाऊ' असं गाणं म्हणायचं. पेटीफर्ड तेव्हा रश्शाचं भांडं धरून मागं उभा असायचा. ते गाणं त्याला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं. आणि खरं सांगायचं तर सुरातही.

त्या घरात एक लाकडी पेटी होती. नवा पोरगा घ्यायचा की नाही यावर तिच्यात गोट्या टाकून मत द्यायचे. पुढच्या कप्प्यातून पांढरी किंवा काळी गोटी उचलायची आणि झाकणाखाली हात घालून मागच्या कप्प्यात सोडायची. आत काय सोडलं ते कुणाला दिसायचं नाही. पांढरी म्हणजे हो. एक जरी काळी पडली, की माणूस बाद. पेटी पुसून टेबलावर ठेवायचं आणि नंतर गोट्या वेचायचं काम पेटीफर्डचं. जगात इतके रंग आहेत, हिरवा आहे, निळा आहे, जांभळा आहे. पण नकार द्यायला या हरामखोरांना एकच रंग सापडला! काळ्या गोट्या वेचताना त्याच्या कानशिलाची शीर उडायची.

तरी तेवढ्यानं तो बिरादरी काढता ना. ती काढली ओटिसमुळं. आदल्या वर्षी ओटिस नावाचा पोरगा थंडी पडायच्या आतच गाशा गुंडाळून घरी गेला. गणितात सगळ्या वर्गाच्या पुढं. त्याला कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. नुसतं कुणी बोललं नाही. पेटीफर्ड त्याला स्टेशनावर सोडायला गेला तेव्हा ओटिस म्हणाला, "लेविन, काल मी वाण्याशी उगाच भांडलो. आपला आवाज अजून फुटतोय का, ते बघायला."

गाडी गेली. पेटीफर्ड फलाटावरच उभा राहिला आणि त्यानं स्वतःशी ठरवलं: आता एकही पोरगा असा जाणार नाही. आपलीही बिरादरी पाहिजे. गोऱ्यांची नक्कल म्हणून नव्हे. रोज संध्याकाळी कुणीतरी 'काय रे, आज कसं गेलं?' असं विचारावं म्हणून.

तो डीनसाहेबांकडे गेला. डीनसाहेब सभ्य माणूस. सभ्य माणसं नाही म्हणत नाहीत, अट घालतात. म्हणाले, "आनंदच आहे. फक्त संस्थेला निदान दहा सदस्य हवेत. सोमवारी सकाळी दहा जणांची नावं द्या. नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी पेटीफर्ड शिक्षण संपवून गेलेला असणार, हे डीनसाहेबांना ठाऊक होतं. आणि त्या साली विद्यापीठात काळी पोरं होती बरोबर दहा, हेही ठाऊक होतं. दहाच्या दहा माणसं एका गोष्टीला कधी हो म्हणतात का? बायबल वाटायला गेलात तरी एखादा म्हणेल, मला दुसरं द्या.

नऊ जण तयार होते. दहावा होता सायरस गोइन्स.

गोइन्स धावायचा. राज्यात त्याच्या पुढं कुणी नव्हतं. विद्यापीठाला त्याचे पाय हवे होते, बाकीचा गोइन्स नको होता. बाहेरगावी शर्यतीला गेला, की संघ हॉटेलात झोपायचा आणि हा स्टेशनाच्या बाकड्यावर. दुसऱ्या दिवशी उठून त्यांच्यासाठी जिंकायचा. त्याच्याशी बोलायचं तर मैदानात त्याच्याबरोबर धावावं लागायचं. पेटीफर्ड शनिवारी सकाळी बूट घालूनच धावला.

"नाव दे रे बाबा," तो धापा टाकत म्हणाला.

"तुमच्या बिरादरीला दार आहे का?" गोइन्सनं विचारलं. त्याचा श्वाससुद्धा हलला नव्हता.

"आहे की."

"मग कुणीतरी बाहेर उभं राहणार. मला दारांचा कंटाळा आलाय, पेटीफर्ड. या राज्यातली सगळी चांगली दारं मी बाहेरून पाहिलीत. कुठल्या दाराला कुठला रंग, विचार मला."

"अरे, पण हे दार आपलं."

"दार ते दार. दम लागला का?"

"छे!" पेटीफर्ड म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. "फक्त रविवारी दुपारी ये. मत घेऊ, झालं."

"त्या गोऱ्यांसारखं? झाकणाखाली हात घालून?"

"पेटी तशीच, पण आमच्यात काळी गोटी म्हणजे हो. पांढरी म्हणजे नाही!"

गोइन्स थांबला. धावताना तो कधी मध्येच थांबलेला कुणी पाहिला नव्हता. कमरेवर हात ठेवून तो आभाळाकडं तोंड करून हसला. "हे मात्र झकास. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या," पेटीफर्ड म्हणाला आणि गवतावर आडवा झाला.

"येतो रविवारी. नाव देतो असं म्हटलेलं नाही. येतो म्हटलंय."

पेटी बनवली एल्झी रॉबर्ट्सनं. तो सुताराचा पोरगा, हात सोन्याचा, तोंड मात्र कायम चालू. गोट्या पोरांच्या खेळातल्या. पांढऱ्या हव्या तितक्या मिळाल्या, काळ्या मिळेनात. तेव्हा एल्झीनं मिस हेस्टरच्या लोखंडी चुलीला लावायचं काळं पॉलिश घेतलं आणि निम्म्या गोट्या त्यात घोळवल्या. "रात्रीत वाळतील," म्हणाला.

रविवारी चर्च सुटल्यावर नऊ जण मिस हेस्टरच्या बैठकीत जमले. गळपट्ट्या आवळलेल्या, बूट चकचकीत. मिस हेस्टर दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे बघा, माझ्या बैठकीत थुंकायचं नाही, भांडायचं नाही. आणि गुप्त गुप्त म्हणत माझ्या पुडिंगाला कुणी हात लावला तर त्याची बोटं मोडीन."

"हो, मिस हेस्टर," नऊ जण एका सुरात म्हणाले.

गोइन्स ओसरीवर बसला होता. ज्याच्यावर मत घ्यायचं तो बाहेर बसणार, असा नियमच होता. मिस हेस्टरना रिकामे हात बघवत नसत. त्यांनी त्याच्या मांडीवर चाळणी ठेवली आणि शेजारी पर्सिमनच्या पिकल्या फळांची बादली. "बसलायसच तर गर काढ. बी गेली तर बघ."

आत पेटी फिरली. एकेकानं गंभीर चेहरा करून हात घातला. पेटीफर्डचा हात शेवटचा. आता तो दहावा माणूस मिळणार, उद्या डीनचं तोंड बंद होणार! त्यानं गोटी उचलली, आत सोडली आणि झाकण उघडलं.

पाच काळ्या. चार पांढऱ्या.

बाहेरून चाळणीची खरखर ऐकू येत होती.

"चार?" एल्झी ओरडला. "चार जणांनी? लाज नाही वाटत? तो बिचारा बाहेर फळं कुस्करतोय आणि तुम्ही इथं..."

"हळू बोल!"

"का हळू? ऐकू दे त्याला! कोण आहेत ते चार गद्दार?"

पेटीफर्ड मटकन खुर्चीत बसला. नियम त्यानंच लिहिला होता, आणि मोठ्या ऐटीत: एक जरी पांढरी पडली तर माणूस बाद, वर्षभर पुन्हा मत नाही. उद्या सकाळी नऊच नावं. बिरादरी जन्माआधीच मेली. ओटिससारखी पोरं येत राहणार, वाण्याशी भांडत राहणार.

तेवढ्यात एल्झीनं स्वतःची बोटं पाहिली. "अरेच्चा! पॉलिश वाळलंच नव्हतं! ज्यानं काळी टाकली त्याच्या बोटांना लागलं असणार. दाखवा हात! सगळ्यांनी!"

गुप्त मतदानाची अशी वाट लागली. अठरा हात टेबलावर आले. पाच जणांच्या बोटांच्या टोकांना पॉलिशचं काळं. चार जण स्वच्छ. त्यातले दोघं पहिल्या वर्षाची पोरं, दोघंही गोऱ्यांच्या घरी वाढपी. तिसरा लेम्युएल आर्टिस, पाद्र्याचा मुलगा. आणि चौथा...

पेटीफर्डनं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. उलटी केली, सुलटी केली. आंघोळ करून आल्यासारखी चकचकीत.

"लेविन," एल्झी हळूच म्हणाला, "तू?"

दोन वर्षं पेटीफर्डनं त्या घरात पेटी पुसली होती. पांढरी म्हणजे या, काळी म्हणजे चालते व्हा. डोक्यात त्यानं नियम उलटा केला होता, त्यावर भाषणं ठोकली होती, मैदानात धापा टाकत त्याची फुशारकी मारली होती. पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. माणूस आत यावा असं मनापासून वाटलं, आणि हातानं आपसूक पांढरी शोधून काढली. गोऱ्यांनी खाट दिली नाही, ताट दिलं नाही, आणि जाता जाता त्याच्या बोटांत मात्र बिऱ्हाड करून बसले! त्याला तो हात टेबलावर आपटावासा वाटला. आणि त्यानं आपटलाही.

त्या आवाजानं दार उघडलं. गोइन्स आत आला, कोपरापर्यंत नारिंगी गरानं माखलेला. "मिस हेस्टर विचारतायत, कोण काय फोडतंय? आणि तुमची तोंडं अशी का? कोण गेलं?"

पेटीफर्डच उठला. "आम्ही तुला बाद केलं, सायरस. म्हणजे करायचं नव्हतं. मला 'हो' म्हणायचं होतं आणि हातानं पांढरी टाकली. या दोघांचंही तेच झालं. मीच नियम काढला आणि मीच..."

गोइन्सनं टेबलावरच्या गोट्या पाहिल्या, बोटं पाहिली, पेटीफर्डचा चेहरा पाहिला. मग तो हसायला लागला. भिंतीला टेकून हसला, घसरत खाली बसून हसला. "म्हणजे... म्हणजे ज्यांना मी हवा होतो, त्यांनीच मला..."

"हसू नकोस रे! उद्या डीनकडं..."

"पुन्हा मत घ्या," एल्झी म्हणाला. "नियम गेला खड्ड्यात. चूक ती चूक."

"माझी चूक नव्हती," लेम्युएल आर्टिस म्हणाला.

सगळे वळले. आर्टिस ताठ उभा होता. "मी कुणाचा वाढपी नाही. मी पांढरी मुद्दाम टाकली. माझी या माणसाला घ्यायला हरकत होती आणि अजून आहे."

एल्झी बाह्या सरसावत पुढं झाला. गोइन्सनं बसल्या बसल्या त्याचा पाय धरला. "थांब. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोलतंय. बोल, आर्टिस. काय हरकत आहे?"

"माझे वडील आले होते. इथंच, याच टेबलाशी. त्यांनी जेवणाआधी प्रार्थना सुरू केली, आणि तू मधेच भट्टीतून काढलेलं लोण्याचं गरम बिस्किट खाल्लंस. मी कुरकुर ऐकली."

"खाल्लं," गोइन्स म्हणाला. "भावा, प्रार्थना मिसिसिपीपर्यंत गेली होती. आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांसाठीही झाली. बिस्किटं गार होत होती."

"तो माझ्या वडिलांचा अपमान होता!"

"तुझे डोळे मिटलेले होते ना?"

"अर्थात!"

"माझे उघडे होते. आणि तुझ्या वडिलांचेही. त्यांनी मला पाहिलं, डोळा मारला आणि 'हे प्रभू, भुकेल्यांना अन्न दे' म्हणत स्वतःही एक उचललं."

"खोटारडा!"

"खोटारडा नाही तो," दारातून मिस हेस्टर म्हणाल्या. हातात डाव होता. "मीही पाहिलं. मी प्रार्थनेत कधी डोळे मिटत नाही. या पोरांच्यात डोळे मिटले तर कोंबडीचा पाय शिल्लक राहील का? रेव्हरंडनी दोन उचलली, बाळा. एक खिशात घातलं."

वडिलांचा काळा लांब कोट आर्टिसच्या डोळ्यांपुढं आला असावा, आणि त्या कोटाचा फुगलेला खिसा. त्याच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. मग दुसरा. मग तो टेबलावर डोकं टेकून हसू लागला आणि त्याच्याबरोबर अख्खी बैठक. "तरीच," तो डोळे पुसत म्हणाला, "तरीच आगगाडीत त्यांच्या कोटातून लोण्याचा वास येत होता."

हसू ओसरल्यावर गोइन्स उठला. "आता माझं ऐका. मला ती पेटी नको. मला नाही म्हणायचं असेल तर आर्टिससारखं तोंडावर म्हणा. कारण सांगा. मग मी भांडेन, हरेन किंवा बिस्किटाचा हिशेब देईन. पण झाकणाखाली हात घालून माणसाला बाद करायचं, ही रीत काळी करा की पांढरी करा, रीत त्यांचीच."

सगळे पेटीफर्डकडं पाहू लागले. पेटी त्याची, नियम त्याचा. त्याच्या मनाला ते झोंबलं. काळी गोटी म्हणजे हो, ही त्याच्या आयुष्यातली पहिली खरी कल्पना होती, आणि एका दुपारीत तिचं पार भजं झालं होतं. पण माणूस बरोबर बोलत होता. आणि आपला हात आपल्याच विरोधात साक्ष देऊन बसल्यावर माणूस वाद कुठल्या तोंडानं घालणार?

त्यानं पेटी उचलून मिस हेस्टरच्या हातात दिली.

"अरे, मी तीन संध्याकाळी खपलो तिच्यावर!" एल्झी कळवळला.

"कांद्यांना होईल," मिस हेस्टर म्हणाल्या. "चांगली केलीयस हो. हवा खेळते."

मग एकेक जण गोइन्सच्या पुढं उभा राहून बोलला. एल्झी म्हणाला, "हो, आणि माझा सदरा परत दे." पहिल्या वर्षाची पोरं लाजत हो म्हणाली. आर्टिस म्हणाला, "हो. पण प्रार्थनेत माझ्या शेजारी बसायचं नाही." पेटीफर्डची पाळी आली तेव्हा त्याला भाषण करायचं होतं. ओटिसबद्दल, फलाटाबद्दल. पण तो फक्त म्हणाला, "हो, सायरस. हो रे."

"झालं? आता मी," गोइन्स म्हणाला. "तुम्ही मला पारखलंत. मी तुम्हाला पारखायला नको? का मी नुसताच माल?"

त्यानं एकेकाला पुढं घेतलं. एल्झीला म्हणाला, "तुझं तोंड गिरणीसारखं चालतं. पण तू आत असताना निदान कुणाला एकटं वाटणार नाही. हो." आर्टिसला म्हणाला, "तू खवचट, कंटाळवाणा आणि खरा आहेस. पहिला हो खरं तर तुलाच." आठ जण झाले. पेटीफर्ड गळपट्टी सारखी करून पुढं झाला.

"तू बाहेर," गोइन्स म्हणाला.

"काय?"

"तुझ्याबद्दल मोकळेपणानं बोलायचंय सगळ्यांना. मी बसलो की नाही बाहेर? जा. गर काढ."

"अरे, मी संस्थापक आहे!"

"म्हणून तर. तुला अजून कुणी आत घेतलंच नाही. तू आपला पहिल्यापासून आत बसलायस."

आठही जण ओरडले, "बरोबर! बाहेर! बाहेर!"

संस्थापक ओसरीवर गेला. कोवळं ऊन होतं, मिस हेस्टरच्या कोंबड्या पायऱ्यांवर दाणे टिपत होत्या. त्यानं चाळणी मांडीवर घेतली आणि गर दाबू लागला. दार बंद झालं. त्या गावात त्याच्यावर किती दारं बंद झाली होती, पण छाती अशी धडधडली नव्हती. कारण ती माणसं परकी होती. ही आपली. यांनी नाही म्हटलं तर?

आतून आवाज येऊ लागले.

"हुकूम फार सोडतो!"

"आणि सकाळी सहाला उठवतो. रविवारीसुद्धा!"

"ऐकू येतंय मला!" पेटीफर्ड ओरडला.

"कान झाक मग!"

"मला ताप होता तेव्हा मात्र," एका पहिल्या वर्षाच्या पोराचा बारीक आवाज आला, "तो स्वतःचं काम बुडवून माझ्याजवळ बसला."

मग आवाज एकदम खाली गेले. पेटीफर्डनं कान टवकारले, पण काही कळेना. एक कोंबडी त्याच्या बुटावर चढली. त्यानं तिला हाकललंही नाही.

दार उघडलं. गोइन्स उंबऱ्यात उभा राहिला, न्यायाधीशासारखा. "नऊ हो," तो म्हणाला. "एक नाही."

पेटीफर्ड चाळणीसकट उठला. "एक? कोण? मत द्यायला तर तुम्ही नऊच होतात..."

"मी," मिस हेस्टर मागून म्हणाल्या. त्यानं गाळलेल्या गराचं भांडं त्यांनी पुढं होऊन उचललं होतं आणि त्या त्यात बोट घालून बघत होत्या. "घर माझं, दार माझं, मत मलाही. सायरसनं काढलेल्या गरात एक बी नव्हती. तुझ्यात बघ! आणि म्हणे संस्थापक."

"मिस हेस्टर, ही गंभीर गोष्ट आहे हो..."

"पुडिंग गंभीरच असतं. पुन्हा चाळ."

तो पुन्हा खाली बसला. गालांवरून काहीतरी ओघळलं ते त्यानं गरानं माखलेल्या मनगटानं पुसलं आणि चेहरा नारिंगी करून घेतला. ते बघून एल्झी खो खो हसत त्याच्या शेजारी टेकला. मग आर्टिस कोट काढून बसला. मग ती दोन पोरं. हळूहळू अख्खी बिरादरी पायऱ्यांवर उतरली आणि बिया वेचू लागली, एकमेकांच्या अंगावर फेकू लागली. मिस हेस्टर आतून शिव्या देत होत्या आणि मध्येच स्वतःच हसत होत्या.

"आता तरी हो म्हणा," पेटीफर्डनं हाक दिली.

"हो रे, हो! चूल थंड होतेय!"

एकच ओरडा झाला, कोंबड्या पळाल्या. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडून विचारलं, लग्न आहे का? एल्झी म्हणाला, आहे, दहा नवऱ्यांचं.

"उद्या सकाळी," पेटीफर्ड गोइन्सला म्हणाला, "मी जाऊन नावं देऊन येतो."

"तू एकटा कशाला? दहाही जण जाऊ."

"अरे, डीनची खोली केवढीशी! दहा माणसं मावायची नाहीत."

गोइन्सनं एक बी अंगठ्यानं उडवली. "मग त्याला उभं राहू दे बाहेर."